फिक्स्ड की मेकॅनिकल? हरणासाठी पहिलं ब्रॉडहेड निवडताना

आमच्याकडे पेनसिल्व्हेनियात गणपती उठले की थोड्याच आठवड्यांत धनुष्याचा हंगाम सुरू होतो. त्यामुळे दरवर्षी मंडळाच्या आरतीनंतर, हातात प्रसादाचा द्रोण असताना, कोणीतरी मला खांबाआड घेतं आणि हळूच विचारतं, "यंदा मीपण लायसन काढलंय. बाणाला पुढे काय लावू? ते उघडणारं घेऊ की साधं?" आवाज का खाली येतो ते सांगायला नको. मोदकांच्या ताटासमोर हरणाच्या फऱ्याची चर्चा कोण करणार! पण प्रश्न रास्त आहे आणि द्रोण रिकामा होईपर्यंत त्याचं उत्तर पुरं होत नाही. म्हणून एकदाचं लिहून काढतो. ब्रॉडहेड म्हणजे बाणाच्या पुढे बसवायचं धारदार पात्यांचं टोक; पाती कायम उघडी असली तर फिक्स्ड, लागल्यावर उघडत असली तर मेकॅनिकल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाबद्दल, म्हणजे व्हाइटटेलबद्दल आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने चितळ, सांबर, भेकर यांची शिकार हा गुन्हा आहे, धनुष्याने केली तरी गुन्हाच. सुट्टीत गावी गेल्यावर हे ज्ञान पाजळू नका. इथली गोष्ट उलटी आहे. फिलाडेल्फियाच्या आसपासच्या उपनगरांत हरणं परसात येऊन भाजी फस्त करतात, रात्री गाडीसमोर येतात, आणि त्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून लाइमचा आजार पसरतो. घरं इतकी जवळजवळ की बंदुकीला जागा नाही. राहत्या घरापासून बंदुकीला १५० यार्ड लांब राहावं लागतं, धनुष्याला ५० यार्ड पुरतात. आपल्यातले बरेच जण धनुष्याकडे वळतात त्याला आणखी एक कारण आहे. व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक बाळगायची तर संघीय कायद्याच्या अटी आड येतात. धनुष्य त्या कायद्याच्या लेखी बंदूक नाही.

आता माझं मत, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. फिक्स्ड की मेकॅनिकल हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न तुमचा बाण सरळ जातो का, हा. आणि त्याचं खरं उत्तर फक्त फिक्स्ड ब्रॉडहेड देतं. म्हणून शिकारीला मेकॅनिकल वापरायचं पक्कं ठरवलं असलं, तरी पहिलं पाकीट फिक्स्डचंच घ्या.

नियम आधी बघा, दुकान नंतर

पेनसिल्व्हेनियात पहिल्यांदा लायसन काढणाऱ्याला हंटर-ट्रॅपर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा आहे, आणि त्यावर आर्चरीचं वेगळं लायसन लागतं. धनुष्याचा ताण ३५ पौंडांपेक्षा कमी चालत नाही. ब्रॉडहेड किमान ७/८ इंच रुंद हवं, त्याला निदान दोन धारदार कडा हव्यात. नदी ओलांडून न्यू जर्सीत गेलात की रुंदी पाऊण इंच चालते. काही राज्यांत उलटा काटा असलेलं, म्हणजे आत गेल्यावर मागे न निघणारं टोक चालत नाही. ऑरेगन आणि आयडाहोमध्ये तर कित्येक वर्षं मेकॅनिकललाच बंदी होती. तेव्हा ज्या राज्यात, ज्या वर्षी जायचं, त्या वर्षाची नियमपुस्तिका स्वतः वाचा. दुकानदार शेजारच्या राज्यातला असू शकतो.

बाणाने हरीण मरतं कसं

बंदुकीची गोळी धक्क्याने आसपासचे अवयव फाडते. बाणाला तो धक्का नसतो. बाण म्हणजे लांब दांड्याची सुरी. तो रक्तवाहिन्या कापतो, फुप्फुसांतली हवा जाते, रक्तदाब कोसळतो आणि जनावर कोसळतं. दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार गेला तर हरीण बहुतेकदा शंभर यार्डांच्या आत पडतं, तेही काही सेकंदांत. फुप्फुसं आणि हृदय मिळून मारायची जागा नाश्त्याच्या थाळीएवढी, आठ ते दहा इंच. ती फऱ्याच्या, म्हणजे पुढच्या पायाच्या खांद्याच्या, लगेच मागे असते, छातीच्या खालच्या रेषेपासून साधारण एक तृतीयांश वर.

बरेच नवखे भोक किती मोठं याचाच विचार करतात. भोकं किती, हा प्रश्न त्यांना सुचत नाही. आपण बसतो झाडावर, ट्रीस्टँडमध्ये, जमिनीपासून अठरा-वीस फुटांवर. बाण वरून खाली तिरका जातो. आत शिरतो ती जखम उंचावर आणि बाहेर पडतो ती पोटाच्या जवळ. खालच्या भोकातून रक्त जमिनीवर सांडतं आणि माग लागतो. बाण आतच राहिला तर छातीत रक्त साठत जातं, आणि बाहेर पानांवर मोहरीएवढे ठिपकेसुद्धा मिळत नाहीत. हरीण मेलेलं असतं, पण झुडपात ऐंशी यार्डांवर, आणि तुम्ही रात्री टॉर्च घेऊन भलत्याच बाजूला.

तेव्हा रुंद काप की आरपार जाणं? दोन्ही मिळालं तर उत्तमच. नाही मिळालं तर आरपार जाणं आधी.

दोन जाती, जवळून

फिक्स्डची पाती कायम उघडी असतात. त्यातही पोटजाती आहेत. मझीसारख्याला तीन पाती, बोथट झाली की बदलायची. जी५ माँटेक अख्खं एकाच तुकड्याचं, ते सपाट निसण्यावर घासून पुन्हा धार लावता येते. ज्यांनी आजीला विळी पाजळताना पाहिलं असेल त्यांना हे पाच मिनिटांत जमतं. मॅग्नस स्टिंगरला दोन मोठी पाती आणि आडवी एक छोटी जोडी. स्लिक ट्रिक आखूड, चार पात्यांचं. वजन बहुतेकांचं १०० ग्रेन. ग्रेन या मापाला बिचकू नका. १०० ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम, अर्ध्या तोळ्याच्या थोडं वर.

फिक्स्डचा गुण म्हणजे त्यात बिघडण्यासारखं काही नाही. उघडायचं नाही, सरकायचं नाही, रबर नाही. बरगडी लागली तरी जातं. आणि दोष? पाती कायम उघडी, हाच. बाणाला मागे पिसं असतात ती त्याला सरळ ठेवण्यासाठी. फिक्स्ड लावलं की पुढेही पंख येतात. धनुष्यातून बाण किंचित जरी तिरका सुटला, तरी पुढचे पंख हवेत एकीकडे ओढतात आणि मागची पिसं दुसरीकडे. वीस यार्डांवर बाण चार इंच डावीकडे.

मेकॅनिकलची पाती उडताना मिटलेली असतात आणि लागल्यावर उघडतात. जुन्या धाटणीत पाती पुढून, छत्री उलटी व्हावी तशी मागे पडतात. नव्या धाटणीत, उदाहरणार्थ रेजमध्ये, ती मागच्या बाजूने सरकत बाहेर येतात. मिटलेली राहावीत म्हणून कुठे रबरी कडं, कुठे प्लास्टिकची कॉलर, कुठे स्प्रिंग. हवेत पृष्ठभाग कमी, म्हणून बाण जवळपास फील्ड पॉइंटसारखाच, म्हणजे सरावाच्या बिनपात्यांच्या टोकासारखाच जातो. काप दीड ते सव्वादोन इंच रुंद. रक्ताचा माग चांगला लागला तर बघत राहावा असा लागतो. कोणी रंगाचा डबा सांडत गेल्यासारखा.

पण पाती उघडायला आणि एवढी रुंद फट कापायला जी ताकद लागते ती बाणाच्याच खिशातून जाते. शिवाय हरीण फार तिरकं उभं असेल तर पुढून उघडणाऱ्या पात्यांपैकी एक आधी टेकतं आणि बाण फिरू शकतो.

पाकिटावरच्या आकड्यांनी मात्र भुलून जाऊ नका. "दोन इंच काप!" असं लिहिलेलं दोन पात्यांचं मेकॅनिकल एक सरळ चीर पाडतं, दोन इंचांची. तीन पात्यांचं १.१२५ इंची फिक्स्ड घ्या. मध्यापासून प्रत्येक पातं अर्ध्या इंचाहून थोडं जास्त कापतं. तिन्ही मिळून भरतात जवळजवळ पावणेदोन इंच. आणि एक इंची चार पात्यांचं? एकमेकांना छेदणाऱ्या एकेक इंचाच्या दोन चिरा, बेरीज दोन इंच. म्हणजे ज्या आकड्यासाठी तुम्ही मेकॅनिकल घेणार होतात, तो छोट्या चारपाती फिक्स्डमध्येही आहे. फरक आकाराचा. सरळ चीर कातडी आणि चरबी मिटवून टाकू शकते, त्रिकोणी किंवा फुलीची जखम सहजी मिटत नाही. उलट बाजूने, नेम इंचभर चुकला तर रुंद पातं एखादी वाहिनी गाठतं जी अरुंद पात्याला सापडली नसती. दोन्हीकडे तथ्य आहे.

या वादात एक आकडेवारी नेहमी पुढे येते, तीही सांगतो. मेरीलँडमधल्या इंडियन हेड इथल्या नौदलाच्या जागेत धनुष्याने होणाऱ्या शिकारीची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली. बाण लागलेल्यांपैकी किती हरणं सापडली, हे त्यात मोजलं. फिक्स्ड लावून सुमारे ८२ टक्के, मेकॅनिकल लावून सुमारे ९१ टक्के. मेकॅनिकलवाले हा आकडा आरतीसारखा म्हणतात. मला तो खरा वाटतो, पण मी त्याचा अर्थ जरा वेगळा लावतो. धनुष्य नीट जुळवलेलं नसताना फिक्स्ड भरकटतं आणि मेकॅनिकल कमी भरकटतं, म्हणजे सरासरी शिकाऱ्याच्या सरासरी चुका मेकॅनिकल पोटात घालतं. आपल्याला सरासरी राहायचं नसेल तर पुढचं वाचा.

तुमच्या बाणात दम किती

हे गणित दहावीच्या मुलालाही येईल. बाणाचं एकूण वजन ग्रेनमध्ये घ्या, टोकासकट. त्याला वेगाच्या वर्गाने गुणा, वेग फूट प्रतिसेकंदात. आलेल्या संख्येला ४,५०,२४० ने भागा. उत्तर फूट-पौंडांत येतं. वेग मोजायचं यंत्र, क्रोनोग्राफ, बहुतेक आर्चरीच्या दुकानांत असतं; चार बाण सोडून बघायला सहसा कोणी पैसे मागत नाही.

माझं ६० पौंडी धनुष्य ४२५ ग्रेनचा बाण २६५ च्या वेगाने सोडतं. उत्तर आलं ६६. बायकोचं ४२ पौंडी, ३८० ग्रेनचा बाण, वेग २०५. उत्तर आलं ३५. ईस्टन या बाण बनवणाऱ्या कंपनीचा एक तक्ता सर्रास वापरला जातो. त्यात हरणाएवढ्या जनावराला २५ ते ४१ फूट-पौंड आणि एल्क, काळं अस्वल वगैरेंना ४२ ते ६५ सांगितलेले आहेत. म्हणजे बायकोचा बाण हरणाला पुरतो, पण उधळपट्टी करण्याइतका नाही. तिच्या बाणाला दोन इंची मेकॅनिकल लावणं म्हणजे ऐंशी सीसीच्या स्कूटरवर चौघांनी बसून खंबाटकी घाट चढणं. तिने दोन पात्यांचं, अरुंद, वस्तऱ्यासारखं धारदार फिक्स्ड लावलं. गेल्या नोव्हेंबरात अठरा यार्डांवर तिचा बाण मादीच्या दोन्ही बाजूंनी पार होऊन पलीकडे मातीत रुतला होता. त्या दिवसापासून माझ्या ६६ ला घरात फारसा मान नाही.

परीक्षा

आता मुख्य काम. यासाठी हंगामाआधी निदान महिनाभर हाताशी ठेवा, आदल्या आठवड्यात करायचं हे काम नव्हे.

फोमचं टार्गेट ब्रॉडहेडसाठी बनवलेलं घ्या. पिशवीचं टार्गेट, ज्यावर आपण रोज फील्ड पॉइंट मारतो, ते ब्रॉडहेडने पहिल्याच दिवशी फाटतं आणि बाण निघतही नाही. ब्रॉडहेड चढवताना त्यासोबत येणारा प्लास्टिकचा पाना वापरा. चिमटीत धरून फिरवायचा मोह आवरा. माझ्या डाव्या तर्जनीवर अजून आडवी रेघ आहे.

चढवलं की बाण फिरवून बघा. टोक टेबलावर टेकवा आणि दांडा बोटांत भोवऱ्यासारखा फिरवा. पात्यांच्या मुळाशी बघा. तिथे थरथर दिसली तर तो बाण बाजूला. कधी दांड्यातला इन्सर्ट, म्हणजे टोक ज्यात फिरवून बसवतात तो तुकडा, वाकडा बसलेला असतो, कधी दांड्याचं तोंड तिरकं कापलेलं. तेच ब्रॉडहेड दुसऱ्या दांड्यावर फिरवलं की दोष कोणाचा ते कळतं. डझनभर बाणांत एक-दोन असे निघणारच. त्यांना सरावाला ठेवा, शिकारीला नको.

मग वीस यार्डांवर उभे राहा. टार्गेटवर दोन ठिपके, फूटभर अंतरावर. एकावर तीन फील्ड पॉइंट, दुसऱ्यावर तीन फिक्स्ड ब्रॉडहेड. वजन दोन्हींचं सारखंच हवं, १०० तर १००. एकाच ठिपक्यावर मारू नका, एका बाणाची पिसं दुसऱ्याचं पातं कापून नेतं आणि पिसं चिकटवण्यात संध्याकाळ जाते. दमलेल्या हाताने ही परीक्षा घेऊ नका. पहिले सहा-नऊ बाण खरे, त्यानंतरचे हाताच्या थकव्याचे.

समजा, फील्ड पॉइंट ठिपक्यावर बसले आणि ब्रॉडहेड चार इंच डावीकडे. नवखा माणूस लगेच साइटची पिन, म्हणजे नेम धरायची खूण, हलवतो. तसं करू नका. पिन हलवली की ब्रॉडहेड मधोमध येतील, पण तिरके उडतच येतील. हलवायची ती बाण टेकतो ती रेस्ट. नियम सोपा: ब्रॉडहेडकडून फील्ड पॉइंटकडे जाण्याची जी दिशा, त्या दिशेला रेस्ट सरकवा. ब्रॉडहेड डावीकडे लागतात तर रेस्ट उजवीकडे. वर लागतात तर रेस्ट खाली. आणि सरकवायची किती? पाऊण मिलिमीटर. नखाच्या जाडीहून थोडं जास्त. पुन्हा तीन-तीन बाण. दोन्ही ठिकाणच्या बाणांच्या झुंडी एकमेकींकडे येताना दिसतील. वीसवर एकत्र आल्या की तीसवर जा, कारण वीसवर लपलेली चूक तीसवर उघडी पडते. सगळं जुळलं की मग, आणि मगच, साइटची पिन हलवायची.

कितीही सरकवलं तरी जुळत नसेल, आणि ब्रॉडहेड कधी डावीकडे तर कधी उजवीकडे पडत असतील, तर धनुष्याला बोल लावू नका. हात बघा. मुठीत धनुष्य करकचून आवळलं की सुटताना ते पिळतं. माझ्याबाबतीत हेच होतं. मी दोन शनिवार रेस्टशी झटापट केली. तिसऱ्या शनिवारी शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणापाशी कॉफी पीत उभे होते. पन्नासेक वर्षं शिकार करणारे. त्यांनी फक्त एवढं विचारलं की तू धनुष्य धरतोयस की हातोडा. बोटं सैल सोडली, धनुष्य अंगठ्याच्या गादीवर नुसतं टेकवलं, आणि झुंड मुठीत मावेल एवढी झाली. फील्ड पॉइंटने हा दोष मला तीन महिने दाखवला नव्हता.

मेकॅनिकलने ही परीक्षा का होत नाही, ते इथे कळतं. मेकॅनिकल तिरक्या सुटलेल्या बाणालाही जवळपास ठिपक्यावर नेतं. पण तिरका बाण तिरकाच लागतो. टोक आत, शेपूट बाजूला, आणि बरीच ताकद दांडा वाकवण्यात जाते. फोमला काही फरक पडत नाही. बरगडीवर पडतो.

बाणाचा दांडा किती कडक, म्हणजे स्पाइन, हा स्वतंत्र विषय आहे. एवढंच लक्षात ठेवा की १०० ग्रेनवरून १२५ वर गेलात तर तोच दांडा जरा लवचीक वागतो, म्हणून परीक्षा नव्याने द्यावी लागते. पहिल्या वर्षी १०० वरच राहा.

आता ठरवा

गणितात चाळिसाच्या आत आलात, तर फिक्स्ड, तेही दोन पात्यांचं, एक इंचाच्या आसपासचं. यात चर्चा नको.

पन्नाशीच्या वर आहात आणि परीक्षेत दोन्ही झुंडी एक झाल्या, तर काहीही लावा. खरंच काहीही. मी पहिले दोन हंगाम फिक्स्डच सांगेन, कारण नवख्याच्या डोक्यात त्या क्षणी आधीच खूप काही चालू असतं. कॉलर जागेवर आहे ना, ही एक काळजी कमी. जो आधीच मेकॅनिकलवर जीव लावून बसलाय त्याने मागून सरकणारं, दीड इंची घ्यावं. दोन इंचीचा हव्यास पुढच्या वर्षी. उघड्या शेतात, भणाण वाऱ्यात, तीस-पस्तीस यार्डांवर मारायची वेळ येत असेल तर मेकॅनिकलचं पारडं जड होतं; आमच्या झाडीत वीस यार्डांपुढे दिसतच नाही, तिथे वाऱ्याचा प्रश्न नाही.

क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखं खांद्याला लावून घोडा दाबून सोडायचं धनुष्य, असेल तर बाण फार वेगाने सुटतो आणि साध्या मेकॅनिकलची पाती धक्क्यानेच उघडू शकतात; पाकिटावर क्रॉसबोसाठी असं लिहिलेलं घ्या. तीनचं पाकीट साधारण चाळीस-पन्नास डॉलरला येतं. त्याहून महाग पुष्कळ आहेत. पहिल्या वर्षी ते पैसे चांगल्या सेफ्टी हार्नेसवर घाला, झाडावरून पडून हातपाय मोडणं पात्यांपेक्षा महाग पडतं.

बारीकसारीक, पण नडणारं

माझ्या दुसऱ्या हंगामात मेकॅनिकल होतं. कुठलं ते सांगत नाही, चूक माझीच होती. पहाटे साडेपाचला काळोखात भात्यातून बाण काढताना कॉलर भात्याच्या फोमला अडकून राहिली. मला कळलंच नाही. उजाडल्यावर बघतो तर एक पातं अर्धवट लोंबतंय. पंधरा यार्डांवर मादी उभी, आणि मी हातात लोंबतं पातं घेऊन पुतळा. दुसरा बाण काढायला हात हलवला आणि ती गेली. तेव्हापासून मेकॅनिकल असेल तर झाडावर बसल्याबसल्या, पहिलं काम म्हणून, कॉलर नखाने चाचपतो. कॉलर आणि रबरी कडी दर हंगामाला नवी. थंडीने प्लास्टिक कडकतं. एकदा टार्गेटवर मारलेलं मेकॅनिकल त्याच कॉलरने पुन्हा भात्यात ठेवू नका.

धारेची खात्री करायची तर मनगटावरचे केस उडतात का बघा, किंवा ताणलेल्या रबरबँडवर पातं नुसतं टेकवा. दाबावं लागलं तर धार गेली. फोममधून तीनदा गेलेलं पातं शिकारीच्या लायकीचं राहत नाही. मी सरावाच्या ब्रॉडहेडला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावतो. भात्यात लाल दिसलं की घरी परत.

बाण सोडताना आणि सोडल्यावर

हरीण आडवं उभं असताना, किंवा तोंड पलीकडे करून थोडं तिरकं असताना मारा. समोरून नको, डोक्यात नको, चालत असताना नको. वीस यार्ड जायला माझ्या बाणाला सेकंदाचा पाव भागही लागत नाही, पण दोरीचा आवाज त्याच्या चौपट वेगाने पोचतो. सावध झालेलं हरीण तेवढ्यात गुडघे वाकवून खाली जातं आणि बाण पाठीवरून जातो. कान टवकारलेले असतील तर थांबा.

लागल्यावर खाली उतरायची घाई करू नका. अर्धा तास घड्याळ बघत बसा. मग आधी बाण शोधा, हरीण नंतर. बाणावर गुलाबी, फेसाळ रक्त असेल तर फुप्फुसं. माग काढायला लागा. गडद, कलेजीच्या रंगाचं असेल तर यकृतात लागलंय, तीन-चार तास थांबा. हिरवट-तपकिरी आणि घाण वास म्हणजे पोटात गेलाय. तेव्हा गुपचूप मागे फिरा, आठ ते बारा तास. लगेच मागे लागलात तर ते उठून पुढच्या टेकडीपलीकडे जातं आणि कोणालाच मिळत नाही. फिक्स्ड असो, मेकॅनिकल असो, पोटात लागलेल्या बाणाला दोन्ही सारखीच.

हरीण सापडलं की सुरी काढण्याआधी बाणाच्या टोकाकडे बघा आणि पाती मोजा. तीन लावली होती, तीन आहेत का? बाण आत मोडला असेल किंवा एक पातं कमी असेल, तर ते छातीच्या पोकळीत कुठेतरी उभं आहे, आणि तुम्ही कोपरापर्यंत हात तिथेच घालणार आहात. जाड हातमोजे चढवा, टॉर्च दातांत धरा, आणि पातं मिळेपर्यंत आत बोटांनी चाचपडू नका. नाहीच मिळालं तर त्या बाजूच्या बरगड्या वेगळ्या काढा. खिमा करायला त्या देऊ नका.